मालक लायक, घर नालायक

प्रिय विनीताई,

धाकट्या अर्नेस्टचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? स्कारबरोच्या वाऱ्याने तो जास्त दुखतो की कमी, यावर तुझी दोन पत्रं दोन तऱ्हेची आली, त्यामुळे काळजी कोणत्या बाजूने करावी तेच कळेना. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे काहीच क्षेम नाही. माझ्यामागे परवान्याची साडेसाती लागली आहे.

झालं असं, की घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने परवाना काढावा असं आमच्या नगरपालिकेने ठरवलं. प्रत्येकाने म्हणजे गल्लीच्या आमच्या बाजूच्या प्रत्येकाने. समोरची बाजू दुसऱ्या वॉर्डात येते, त्यामुळे तो हॉरोक्स (ज्याच्या भाडेकरूंच्या छतातून चिमण्या ये-जा करतात) मिशीला पीळ देत उभा असतो, आणि मी, ज्याने आयुष्यात कुणाला भाडेवाढ सांगितली नाही, तो आरोपी. शेजारचं चौदा नंबर, माझ्या जीनला तिच्या आईकडून आलेलं, तुला माहीतच आहे. तिथे बर्टविसलबाई इतकी वर्षं राहतात की नवा पोस्टमन मलाच त्यांचा भाडेकरू समजतो. परवाना नाही मिळाला तर त्यांना घर सोडावं लागेल आणि या वयात त्या जाणार कुठे, या विचाराने माझी झोप उडाली. मग काय, तिथे मजल्यामजल्यावर धुराची घंटा बसवली, गॅसवाला आणला, वायरिंग नवं केलं, छत शाकारलं. पोलिसांत माझ्या नावावर काही नाही ना, तेही बघतात म्हणे. घरमालक ‘लायक व योग्य माणूस’ असावा लागतो. (जीन असती तर तिने या विषयावर नगरपालिकेला बरंच काही सांगितलं असतं.)

तपासणीच्या दिवशी बर्टविसलबाई ठेवणीतला झगा घालून पुढच्या दाराशी बसल्या. आपल्याकडे पुढचं दार कशाला उघडतात ते तू जाणतेसच: लग्नाला, शवपेटीला, नाहीतर सरकारी माणसाला. मी माझ्या स्वयंपाकघरात कोट घालून बसलो होतो. पण नगरपालिकेने पाठवली ती डॉसन नावाची मुलगी निघाली आपल्याच भागातली. आईने लावलेलं वळण. आली ती सरळ मागच्या बोळातून. मागच्या फाटकांना नंबर असतात का कुठे? तिने माझं फाटक उघडलं आणि माझ्या दारावर टकटक केली.

मला वाटलं, आधी मालकाला भेटायची पद्धत असेल. मी किटली ठेवली. किती वर्षं राहता, तिने विचारलं. मी म्हटलं बेचाळीस. हीटर कुठे आहे, विचारलं. मी म्हटलं होता. मग ती भिंतीवरच्या बुरशीकडे इतका वेळ बघत राहिली की मलाच संकोच वाटला आणि मी पाव्हण्यांची करून द्यावी तशी तिची ओळख करून दिली, की ही फार जुनी आहे. तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवला. “घाबरू नका आजोबा. तक्रार केली म्हणून तो मेला तुम्हाला बाहेर नाही काढू शकत. घरमालक लक्ष देतो का तुमच्याकडे?”

ताई, त्याच क्षणी मला घोटाळा कळला. पण बिचारीचा अर्धा चहा पिऊन झाला होता, डोळ्यांत पाणी होतं. अशा वेळी माणसाला तोंडावर ‘तू चुकलीस’ म्हणणं आपल्याला कुणी शिकवलंय का? मी म्हटलं, नाही हो, अजिबात लक्ष देत नाही. आणि एकदा बोलायला लागलो तो थांबेचना. सांगून सांगून थकलो, म्हटलं. दर हिवाळ्याला पुढच्या वर्षी बघू म्हणतो. बायको असताना जरा तरी धाक होता, ती गेल्यापासून ढुंकून बघत नाही. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. आणि लाज वाटते सांगायला, पण जीन गेल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी मला ‘थंडी वाजते का’ असं विचारत होतं.

एवढ्यात बर्टविसलबाई मागच्या दारातून आत आल्या. “काय हो हॅलिवेल! मी तिकडे नटूनथटून ताटकळतेय आणि तुम्ही इथे चहा ढोसताय? अगं पोरी, हेच आमचे घरमालक!”

पुढचं काय लिहू. मुलगी कानापर्यंत लाल झाली. मी किटलीत तोंड लपवायला जागा शोधत होतो. चौदा नंबर तिने पाहिलं, एक चूक सापडली नाही. परवाना मंजूर! बर्टविसलबाई आता हलत नाहीत, आणि मी सरकारमान्य लायक माणूस झालो. निघताना मात्र ती माझ्या दाराशी थांबली. म्हणाली, “हे घर भाड्याचं असतं ना, तर आजच बंद करायला लावलं असतं. पण तुम्हीच मालक. मला काही करता येत नाही.” बिस्कीटही तिने अर्धंच खाल्लं.

तेव्हापासून मी विचार करतोय, की आता माझी तक्रार मी करावी कुणाकडे?

तुझा,
अर्नेस्ट

ता. क. हे सगळं केवळ तुला हसू यावं म्हणून लिहिलं. काळजी करू नकोस. तू विणलेला स्वेटर छान बसतो, कोटाच्या आत.

ता. क. २. बर्टविसलबाई रोज सूप आणून देतात आणि तोंडाने म्हणतात, “भाडेकरू असता तर एव्हाना हाकललं असतं तुम्हाला!”

ता. क. ३. डॉसनला मी जाता जाता सहज विचारून ठेवलं. बहिणीने भावाला घरात ठेवून घेतलं तर परवाना लागत नाही. तुझी ती मागची खोली अजून रिकामी आहे का? पुढचं दार उघडायची तसदी घेऊ नकोस. मी मागच्याच दाराने येईन.