झाकण लहान झालं आहे

३ मार्च, सोमवार
आज लिफ्टच्या टपावर चढताना छतातल्या झाकणात अडकलो. इतकी वर्षं लिफ्टदुरुस्ती करतोय, असं कधी झालं नाही. डोकं वर शाफ्टमध्ये, पाय खाली लिफ्टमध्ये, आणि मधला मी ना इकडचा ना तिकडचा. शेवटी काडीने पायांना लोंबकळून मला खाली ओढलं. काडी म्हणजे माझा जोडीदार. नाव सार्थ आहे.
कारण उघड आहे. हल्लीच्या कंपन्या झाकणं लहान करतात. काडी म्हणाला, ही लिफ्ट आपणच बसवली होती. त्याला मधे बोलायची फार खोड.

४ मार्च
वॉचमनने चहाडी केली. साहेबांनी बोलावलं. महिनाअखेर त्याच झाकणातून वर जाऊन दाखवा, नाहीतर तक्रारींच्या फोनवर बसा, म्हणाले.
फोनवर! मी! वर अंधारात, दोरांच्या मधे उभं राहिलं की जगाची कटकट बंद होते. कुणी हाक मारत नाही. ते मी सोडणार नाही.
उद्यापासून कडक डाएट.

५ मार्च
नाही, उद्यापासून. आज फ्रीजमधला केक संपवणं भाग होतं. मोह समोर ठेवून तप होत नाही. मुळावरच घाव घातला.

६ मार्च, सकाळ
उकडलेल्या भाज्या. सोबत म्हणून हीसुद्धा तेच खाणार आहे. बायकोला हुरूप फार, पण बिचारीला जमायचं नाही.

तोच दिवस, दुपार
काडीच्या डब्यात ऑमलेट होतं. त्याला संपत नव्हतं. मित्राच्या मदतीला धावलो. दुसऱ्याचा डबा आपल्या डाएटमध्ये धरत नाहीत.

१० मार्च
पळायला गेलो. बेकरीपर्यंत. धाप लागली म्हणून बाकावर टेकलो, तर बेकरीवाला म्हणाला, साहेब, बसलाच आहात तर गरम बन आलेत. त्याचं मन मोडवेना. परत चालत आलो, म्हणजे हिशेब चुकता.

१४ मार्च
घरचा वजनकाटा बिघडलाय. जास्त दाखवतो. मेकॅनिकला हे लगेच कळतं. खोलून पुन्हा जोडला. एक स्प्रिंग उरली, पण काटा सुधारला. माझं वजन झपाट्याने उतरलंय! ही चढली तेव्हा काटा हललाच नाही. फार नाजूक यंत्र.

२१ मार्च
हिचे कपडे सैल झाले. शेजारीण कौतुकाने विचारायला आली, काय केलंत हो? उत्तर मीच दिलं. डाएटमागचं सगळं शास्त्र समजावलं. तोंडात बिस्किट होतं, त्यामुळे काही मुद्दे निसटले असतील.

२७ मार्च
सरावासाठी लाकडी चौकट बनवली. आत्मविश्वास वाढावा म्हणून मापाला जरा सढळ. लोण्यातून सुरी जावी तसा आरपार गेलो! ही म्हणाली, अहो, यातून तर सोफासुद्धा जाईल. यश जवळ आलं की घरचेच पाय ओढतात.

३१ मार्च, सोमवार. दुपार
साहेब, काडी, वॉचमन. शिवाय लिफ्ट बंद म्हणून जिन्यात खोळंबलेले रहिवासी.
डोकं गेलं. एक खांदा गेला.
मागच्या वेळी पोट अडकलं होतं. यावेळी पोटापर्यंत पोचलोच नाही.
एक आजी म्हणाल्या, तेल लावून बघा. कुणी हसलं नाही. साहेबसुद्धा नाहीत. तेच जास्त लागलं. साहेब हळूच म्हणाले, उद्यापासून फोनवर या.
मग काडी एकटाच वर गेला. वरून झाकण लावून घेतलं. लावावंच लागतं, तसा नियम आहे. मी खाली उभा राहून त्याच्या पान्याचा आवाज ऐकत राहिलो.

संध्याकाळ
हिला सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. माझ्या आवडीचं सगळं रांधलं, समोर ताट ठेवलं. दोन घास घेतले. जन्मात पहिल्यांदा ताटात टाकून उठलो. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, बघा, तुम्हाला जमतंय.
खरंच जमतंय की.
ती शेजारी गेल्यावर ताट संपवलं. अन्न वाया घालवू नये.