चारशे सतराची टिकटिक

३ मार्च, सोमवार

शेवटी बैठक झालीच. नवी मोठी सेडान येणार हे वर्षभर ऐकतोय, पण तिच्या बॉनेटखाली काय बसणार हे आज पहिल्यांदा उघड बोलले. तीन उमेदवार. आमचं आठ सिलिंडरचं. एक सहा सिलिंडरचं — ते मधल्या मुलासारखं, कोणी विचारत नाही. आणि एक चार सिलिंडरचं, जोडीला विजेची मोटर. चार सिलिंडर! एवढ्या थोराड गाडीत! मी मोठ्याने हसलो. बाकी कोणी हसलं नाही.

आमच्या हॉलमध्ये सहा जण. एक माणूस, एक इंजिन — पहिल्या बोल्टापासून शेवटच्यापर्यंत एकाच हाताने. मग स्वतःच्या सहीची पितळी पट्टी वर लावायची. एकतीस वर्षं मी हेच केलं. आठ सिलिंडर हरलं तर हॉल बंद, कारण चारचं इंजिन यंत्रंच जोडतात. आम्हाला म्हणे "इतर विभागांत सामावून घेऊ". आम्ही काय जुनी कपाटं आहोत?

निवड नऊ जणांच्या कानांवर सोडलीय. पुढच्या सोमवारी डोळे बांधून तिन्ही गाड्यांत बसायचं आणि गुण द्यायचे. नवांत मी आहे. शेजारच्या टेबलावरचा मायक्रॉनही आहे. केसाएवढा फरक बोटाने ओळखतो आणि तेवढ्यावरून दिवसभर भांडतो, म्हणून हे नाव.

४ मार्च, मंगळवार

हिचं फर्मान — जेवताना इंजिनाचं नाव काढायचं नाही. "एका टेबलावर दोन कारखाने जेवायला बसल्यासारखं वाटतं," म्हणे.

६ मार्च, गुरुवार

फर्मान दोन दिवसही टिकलं नाही. लेक आमच्याच कारखान्यात, पण पलीकडच्या इमारतीत — आवाज विभागात. चार सिलिंडरच्या गाडीला आतल्या स्पीकरमधून भारदस्त आवाज पुरवायचा, हे तिचं काम. म्हणजे इंजिन कुजबुजणार आणि स्पीकर गुरगुरणार!

"बाबा, चार आणि मोटर मिळून तुमच्या आठापेक्षा जास्त ताकद देतात. धूर निम्मा. नियम दरवर्षी कडक होतायत." मी म्हटलं, मग आवाजाचं सोंग कशाला? "लोकांना सवय आहे म्हणून." मी म्हटलं, चाचणीत स्पीकर बंद ठेवायचा नियम आहे, तेव्हा कळेल तुझं चार सिलिंडर शिलाई मशीनसारखं कसं वाजतं ते.

चिडेल असं वाटलं होतं. चिडली नाही. ताट उचलताना एवढंच म्हणाली, "सोमवारी नीट ऐका बाबा. घाई करू नका." मला शिकवते! ऐकायला!

९ मार्च, रविवार

टेबलाचा खण आवरताना ती चकती हाताला लागली. नखाएवढी, पोलादी, वर कोरलेलं — २.६५. परत कागदात गुंडाळून ठेवली. इथे तरी खरं लिहावं.

व्हॉल्व्हच्या डोक्यावर किती फट राहणार ते अशा चकतीच्या जाडीवर ठरतं. प्रत्येक व्हॉल्व्हची फट मोजायची, मापाची चकती निवडायची. चार वर्षांपूर्वी चारशे सतरा नंबरचं इंजिन जोडत होतो. दुपारी फोन आला — लेकीला आमच्याच कारखान्यात नोकरी लागली! मी हॉलभर नाचलो. सगळ्यांना चहा पाजला. परत येऊन चकती बसवली ती शेजारच्या खाचेतली, एक माप पातळ. संध्याकाळी ट्रेमध्ये २.६५ शिल्लक. तोवर झाकण बसून इंजिन बंद झालं होतं, पट्टीवर सही झाली होती.

धोका काही नव्हता. फक्त तापल्यावर, मंद फिरताना, तिसऱ्या सिलिंडरपाशी बारीक टिकटिक — अंगठीने काचेवर वाजवावं तशी. तपासणीच्या गोंगाटात कोणाला ऐकू आली नाही. मला आली. उघडून नीट करायला हवं होतं. केलं नाही. एकतीस वर्षांत एकदाच.

नशिबाने ते विकलं गेलं नाही. चाचणीच्या गाडीत फिरलं, मग आवाज टिपायला लेकीच्या विभागात गेलं, आणि दोन वर्षांपूर्वी मधोमध कापून स्वागतकक्षात काचेच्या पेटीत ठेवलं. माझ्या सहीसकट! पाहुणे शेजारी उभे राहून फोटो काढतात आणि मी मागच्या दाराने जातो.

हे फक्त लेकीला माहीत आहे. एकदा हसत हसत सांगितलं होतं — तुझ्या नोकरीची टिकटिक म्हणून. पोट धरून हसली होती.

१० मार्च, सोमवार

क्रमाने लिहितो.

बंद शेड. सारख्या दिसणाऱ्या तीन गाड्या, वर नुसते आकडे — एक, दोन, तीन. लेकीच्या साहेबांनी नियम वाचून दाखवले. बोलायचं नाही. काचा बंद. तिन्ही गाड्यांत स्पीकर बंद, फक्त इंजिनाचा खरा आवाज. हरकत असेल त्याने निकालावर मोठ्या साहेबांची सही होईपर्यंत लेखी द्यावी. मग डोळ्यांवर पट्ट्या. छप्पन्नाव्या वर्षी आंधळी कोशिंबीर!

एक नंबर — सहा सिलिंडर. गुळगुळीत, सभ्य. दहा सेकंदांत ओळखलं.

दोन नंबर. चालकाने चालू केली आणि छाती भरून आली. खोल, जाड, आपलं. मनात म्हटलं, ये बाबा! रस्त्यावर काढली. अशी सुटली की डोकं मागे आपटलं. परत आलो, गाडी तापलेली, चालकाने ती जागेवर मंद फिरत ठेवली.

आणि टिकटिक.

आधी वाटलं, कालच उकरून काढलं म्हणून कानात बसलंय. श्वास रोखून ऐकलं. टिक टिक टिक टिक. अंगठी आणि काच. चारशे सतरा! जे दोन वर्षांपूर्वी करवतीने कापलं, ज्यात तेलाचा थेंब नाही, ते माझ्यासमोर चालू होतं. आणि काचा बंद असताना खऱ्या गाडीत ही टिकटिक आत येणारच नाही. कोणीतरी इंजिनाच्या डोक्याशी माइक लावून टिपलेली होती. म्हणजे स्पीकर चालू होते. म्हणजे ही आठ नव्हेच. ही चार सिलिंडरची!

तीन नंबर खरी आठ होती. आमची. काय वाजली ते मला सांगता येणार नाही, मी ऐकतच नव्हतो.

पट्टी काढली. गुणांचा कागद पुढ्यात. साहेबांनी विचारलं, "कोणाची काही हरकत?" लेक भिंतीपाशी उभी होती, हातातली पाटी छातीशी धरून. थेट माझ्याकडे बघत होती. चेहरा पांढराफटक. मी मान खाली घातली. दोन नंबरला आठ गुण दिले, तीन नंबरलाही आठ. हरकतीची जागा कोरी सोडली.

११ मार्च, मंगळवार

का गप्प बसलो? कालपासून स्वतःची उलटतपासणी घेतोय.

बोललो असतो तर पहिली तीच सापडली असती. आवाज तिचा, स्पीकर तिचे. चार वर्षांची नोकरी, एका हरकतीत संपली असती. बापाने हात वर करून लेकीला उघडं पाडायचं?

हे एक. दुसरं लिहायला लाज वाटते. ते चारशे सतरा आहे हे मी कशावरून ओळखलं, असं विचारलं असतं तर चकतीचं सांगावं लागलं असतं. काचेच्या पेटीतल्या सहीचं काय झालं असतं मग?

रागही आहे. भयंकर राग आहे. स्वतःच्या बापाला फसवायला बापाचंच इंजिन वापरलं! आणि इतकी हुशार पोर — ती टिकटिक तिच्या हातून राहून कशी गेली?

१२ मार्च, बुधवार

मायक्रॉन हवेत आहे. "दोन नंबर आपलीच! मी नऊ दिले! अरे, डोळे बांधा नाहीतर कान बांधा, आपली पोरं मला ओळखू येतात." हॉलमध्ये सगळ्यांना टाळ्या देत सुटलाय. मी स्पॅनर शोधण्याच्या निमित्ताने टेबलाखाली वाकलो आणि बराच वेळ वर आलो नाही.

१४ मार्च, शुक्रवार

निकाल. दोन नंबर पहिली, नवांपैकी सात जणांच्या मते. मग पडद्यावर दाखवलं — दोन म्हणजे चार सिलिंडर आणि मोटर. आमची तिसरी. सहा सिलिंडरच्याही मागे!

हातात असलेल्या मागण्या पुऱ्या झाल्या की हॉल बंद.

कोणी आरडाओरडा केला नाही. मायक्रॉन स्टुलावर बसून राहिला. मी जवळ गेलो तर म्हणाला, "हॉल गेला तो गेला. पण माझे कान रे! मला कळलंच नाही. इतकी वर्षं मी काय ऐकत होतो?" दुपारी एका इंजिनाची फट मोजली, पुन्हा मोजली, आणि मग मला म्हणाला, "तू बघ जरा. माझा भरवसा नाही राहिला."

हे मी केलं. एका वाक्यात त्याचे कान त्याला परत देता आले असते. अजूनही येतील. सही व्हायची आहे.

१६ मार्च, रविवार

लेक जेवली नाही. मी म्हटलं, "जिंकलात ना? मग जेव की पोटभर." तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुम्हाला काहीच बोलायचं नाहीये का बाबा?" मी म्हटलं, "तुझं अभिनंदन करतो. आणखी काय?" उठून खोलीत गेली.

ही चिडली. "काय बिनसलंय दोघांचं? एक धुमसतोय, एक रडतेय, आणि मी मधे भाजी वाढतेय." भाजी घे म्हटलं.

१८ मार्च, मंगळवार

कागद घेऊन बसलो. लिहिलं — दोन नंबरच्या गाडीत स्पीकर चालू होते. एवढंच वाक्य. खाली नाव घातलं. मग लेकीचा भिंतीपाशी उभा राहिलेला चेहरा आठवला. कशी घाबरली होती! पकडली जाईन म्हणूनच ना? चार तुकडे केले आणि खिशात टाकले. माझ्यामुळे तिचं वाटोळं व्हायला नको. हॉल काय, आज ना उद्या जाणारच होता. गाडी वेगवान आहे, धूर कमी आहे, तिचं सगळं खरं आहे. फक्त आवाज खोटा.

मायक्रॉनने आज रजा टाकली. पहिल्यांदाच.

२१ मार्च, शुक्रवार

मोठ्या साहेबांची सही झाली. साडेचारला.

२२ मार्च, शनिवार

लेकीने नोकरी सोडली. सकाळी माझ्यासमोर बसून सांगितलं. स्पीकर तिच्या साहेबांनी चालू ठेवायला लावले होते. तोंड उघडलंस तर इथेच काय, या धंद्यात कुठेही उभी राहणार नाहीस, असं बजावलं होतं.

"टिकटिक मी दहा मिनिटांत पुसली असती बाबा. मुद्दाम ठेवली. उलट थोडी मोठी केली. ती फक्त तुम्हालाच ओळखू येणार होती. मला बोलता येत नव्हतं, म्हणून तुम्ही हात वर कराल याची वाट बघत भिंतीपाशी उभी होते."