माहीत नाही, सर

सोमवार, ५ जानेवारी
इंटर्नशिप सुरू. बी.एड.चं शेवटचं लचांड. न्हावऱ्याच्या पुढची शाळा मिळाली. शिरूरहून एसटी, बसायला जागा नाही.
संकल्प: मुलांवर ओरडायचं नाही. रोज पहाटे उठून वाचन. घोकंपट्टी मुळीच नाही.
हेडसरांना भेटलो. जूनपासून विज्ञानाला तासिकेवर एक माणूस घ्यायचाय म्हणाले. मी म्हणालो, सर, माझं लक्षात ठेवा. ते म्हणाले, बघू. म्हणजे झाल्यात जमा.
घरी अपेक्षाला सांगितलं. ती रांजणगावच्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट करून पाय चोळत बसली होती. म्हणाली, बघू म्हंजी बघूच अस्तं. बायकोला शिक्षणक्षेत्रातलं कळत नाही.

बुधवार, ७ जानेवारी
वाचन झालं नाही. थंडी.
यवतहून हौसराव मामांचा फोन. हायवेला त्यांचा ढाबा आहे. गल्ल्यावर घरचा माणूस पाहिजे, भाच्याशिवाय कुणावर भरवसा न्हाई म्हणाले. पाडव्यापर्यंत थांबतो, मग तुझं काय ते सांग. मी म्हणालो, मामा, मी शिक्षक आहे. मामा म्हणाले, व्हय व्हय, आन् हिशोबपण बरा हाय तुझा.
पाठीमागं अपेक्षा ऐकत होती. मला काही वाटलं नाही.

सोमवार, १२ जानेवारी
हेडसरांचा माझ्यावर फार विश्वास. कुणीही रजेवर असलं की तास मलाच. आज चित्रकला, पीटी आणि हिंदी घेतलं. दुपारी खिचडीचे तांदूळ मोजून घेतले. अख्खी शाळा समजून घ्यावी असा त्यांचा हेतू दिसतो.
सहावी ब वर एकदाच ओरडलो. ते ओरडणं नव्हतं, आवाजाची पट्टी होती.

शनिवार, १७ जानेवारी
माझ्याबरोबर कॉलेजची रश्मी आहे. आज तिचा पाठ बघायला मागच्या बाकावर बसलो. विषय बाष्पीभवन. सहावी बच्या पोरांना घेऊन थेट अंगणात गेली, फरशीवर पाणी ओतलं, कडेनं खडूनं रेघ मारली आणि बघत बसा म्हणाली. तास संपेपर्यंत नुसता गलका. पोरं तिलाच प्रश्न विचारत होती. दोन प्रश्नांना ती म्हणाली, मलाही बघावं लागेल.
तयारी कमी पडली. समजावून सांगितलं. थँक्यू म्हणाली. चांगली मुलगी आहे, पण क्लास कंट्रोल नाही.

गुरुवार, २२ जानेवारी
नऊ फेब्रुवारीला फायनल पाठ. परीक्षक मॅडम बाहेरच्या कॉलेजच्या. हेडसरही बसणार. तिथंच जूनचं ठरणार, हे न सांगता कळतं.
विषय बाष्पीभवनच घेतला. रश्मीच्या पाठातल्या चुका दुरुस्त होतील.
उद्यापासून सहावी बची थोडी ओळख करून घेणार. ही रंगीत तालीम नव्हे.

मंगळवार, २७ जानेवारी
तालीम छान झाली.
सुरुवातीचे तीन प्रश्न वाटून दिले. पहिला म्हाळसाला: ओले कपडे कुठं वाळत घालता? उत्तर, दोरीवर, सर. काय खणखणीत बोलते पोरगी. दुसरा स्वराजला: ऊन नसेल तर? पंख्याखाली, सर. तिसरा सगळ्या वर्गाला: मग कपड्यातलं पाणी गेलं कुठं? यावर सगळ्यांनी म्हणायचं, माहीत नाही, सर. कारण माहीत असलं तर मी शिकवू काय? मग मी म्हणणार, तर आज आपण बाष्पीभवन शिकणार आहोत. पद्धतच आहे तशी.
एकानं, हवेत गेलं, असं उत्तर दिलं. त्याला खाली बसवलं.

बुधवार, ४ फेब्रुवारी
रोज घेतोय. आता मी फळ्याकडं वळलो तरी म्हाळसा उठून दोरीवर म्हणते. हजेरी घेताना पंख्याखाली आलं. याला म्हणतात पक्कं.
चार्टवरचा सूर्य अपेक्षानं रंगवून दिला. दोन्ही हातांना पिवळा रंग. म्हणाली, जूनपासून खरंच जाणार ना शाळेत? मला शिफ्ट आता झेपत न्हाई. मी हो म्हणालो. एवढं साधं विचारते ती कधी कधी.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
शेवटची तालीम. माहीत नाही, सर, असा आवाज उठला की शेजारच्या सातवीतही दोघं तेच म्हणाले.

सोमवार, ९ फेब्रुवारी
झाला.
मॅडम उशिरा आल्या. गाडी कोरेगाव भीमाला ट्रॅफिकमध्ये अडकली होती. पुढं अजून एक शाळा करायची होती त्यांना. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, सुरुवात राहू द्या, पाठ झाला असं धरा, शेवटचे प्रश्न घ्या. शेजारी हेडसर.
मी विचारलं, बाष्पीभवन म्हणजे काय?
म्हाळसा उभी राहिली. दोरीवर, सर.
विचारलं, बाष्पीभवनाचा वेग कधी वाढतो? स्वराज म्हणाला, पंख्याखाली, सर. हे तसं बरोबरच होतं. मॅडमनी मान हलवली. मला हुरूप आला. तिसरा विचारला, मिठागरातलं पाणी कुठं जातं?
अख्खा वर्ग म्हणाला, माहीत नाही, सर.
आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, तर आज आपण बाष्पीभवन शिकणार आहोत.
मॅडमनी पेनाला टोपण लावलं. हेडसर खिडकीबाहेर बघत होते. जाताना मॅडम म्हणाल्या, मुलं शिस्तीची आहेत. मी हे लिहून ठेवतोय, कारण हे महत्त्वाचं आहे.
एसटीत चार्ट मांडीवर होता. आश्चर्य म्हणजे काही वाटलं नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी
पास. सगळेच पास.
हेडसरांनी जूनसाठी रश्मीला विचारलंय. पोरांनी मागणी केली म्हणे. ठीक आहे, अनुभवाची गरज तिला जास्त आहे. मला तासिकेवर अडकवायचं त्यांच्या जिवावर आलं असणार. मी विचारलं, सर, पुढं माझं? म्हणाले, बघू.
अपेक्षाला सांगितलं. बराच वेळ तिनं पोळपाट धुतला. मग म्हणाली, मामांना फोन करा. आन् सकाळी मला लवकर उठवा, शिफ्ट हाय.

रविवार, १२ एप्रिल
यवत. ढाब्याचं काम तात्पुरतं आहे. संकल्प: गिऱ्हाइकांवर ओरडायचं नाही. फावल्या वेळात टीईटीचा अभ्यास. पुस्तक गल्ल्याखाली आहे, वर भेळेचे कागद.
दुपारी एक माणूस पोरीला घेऊन जेवायला आला. बघतो तर म्हाळसा. पुण्याला लग्नाला चालले होते. बापाला म्हणाली, आप्पा, हे आमच्या शाळेतलं सर. बापानं उठून नमस्कार केला. मला सुट्टे मोजायचे होते, तरी मीही उभा राहिलो.
वाटलं, बघावं किती राहिलंय डोक्यात. विचारलं, म्हाळसा, कपडे वाळल्यावर पाणी कुठं जातं गं?
तिनं हात मागं बांधले. माहीत नाही, सर.
मला बरं वाटलं. पक्कं केलं होतं.
मग बापाकडं बघून, जरा हळू आवाजात म्हणाली, हवेत जातं सर ते. रश्मी मॅडमनी अंगणात दाखवलं तवाच कळलं होतं समद्यांना. पर तुम्ही इचारलं की माहीत नाही म्हणायचं, असंच हाय ना?
मी म्हणालो, व्हय, असंच आहे.
वाईट वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं. त्यांच्या बिलातून दोन ताकं कमी केली. मामांनी विचारलं, ताक कुठं गेलं?
माहीत नाही म्हणालो.