सात दिवसांचा कोर्स

प्रिय मनस्वी,

तू माहेरी गेल्यापासून घरात सगळे हळू बोलतात, त्यामुळे मला जास्तच ऐकू येतं. न्हावा शेवा बंदराच्या गोंगाटात ट्रेलरचं बेअरिंग वाजलं तरी मला गेटवरून कळतं. ट्रकवरच्या क्लीनरचा ट्रेलरमालक झालो तो या कानांवर. काल तुझी सासू शेजारच्या गोजराला सांगत होती, आमच्या दिपेशचा काय दोष हाय, रोग तीच घेऊन आली. मी पेपरचं पान उलटलं.

गर्भ नळीत राहिला, नळी फुटली, तू जेमतेम वाचलीस. तपासणीत क्लॅमिडिया निघाला. तेव्हा तू मला हळूच विचारलंस, आप्पा, हे ऑफिसच्या बाथरूममधून होतं का? मी म्हणालो, होत असेल. पोरी, नाही होत. शरीरसंबंधातूनच होतं. बाईला बहुतेक वेळा ना ताप, ना दुखणं. जंतू आतल्या आत नळ्या खराब करतात. मला तेव्हाही माहीत होतं. लग्नाआधी दिपेशला लघवीला जळजळ होत होती. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मीच त्याला उरणच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं, सात दिवस गोळ्या, एकही चुकवायची नाही, तोवर बायकोजवळ जायचं नाही. साधा इलाज. पण चौथ्या दिवशी हळद. डीजे, मटण, अख्खं बोनकोडे गाव दारात, आणि नवरदेव ग्लास घेईना. पोरं ओरडली, काय रे, आतापासूनच बायकोला घाबरतोस? गोळ्यांवर दारू चालत नाही ही आमची समजूत. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, राहू दे गोळ्या, बरा दिसतोस की. पहिला ग्लास मीच भरला. उरलेल्या गोळ्या सकाळी मीच फेकल्या. लग्न पुढे ढकललं तर लोकांना काय सांगायचं, एवढाच विचार केला.

सोमवारी तुझ्यापुढे जो घटस्फोटाचा कागद येईल, त्यात लिहिलंय की हा आजार तुला लग्नाआधीपासून होता आणि तू तो लपवलास. दिपेश गॅलरीत वकिलाला सांगत होता, ती सही करेल, लाजेने मान वर करत नाही. सही करू नकोस. उरणच्या डॉक्टरची चिठ्ठी तारखेसकट सोबत जोडली आहे, हे पत्रही तुझ्या वकिलाला दे. बोलावलं तर मी येईन आणि मुलासमोर हेच बोलेन. माफी मागत नाही. तुझ्या डोक्यावर माफ करायचं आणखी एक काम कशाला. खाली पूर्ण नाव लिहितो. नुसतं आप्पा लिहिलं तर कोर्ट विचारेल, कोण आप्पा?

तुझाच,
नामदेव गोमा मढवी