चाकाखालचा ठोकळा

रविवार, ९ फेब्रुवारी

आदरणीय ताई,

नमस्कार. तुमची कंबर आता बरी असेल. डॉक्टरांनी वाकू नका म्हटलंय तर वाकू नका, घर काही पळून जात नाही. इकडे माणसं सगळी खुशाल आहेत. गाडी तेवढी नाही.

गुरुवारी आपली काडेपेटी उतारावरून आपली आपणच निघाली आणि गल्लीच्या टोकाला शिंप्याच्या पायरीवर जाऊन आदळली. घाबरू नका, आत कोणी नव्हतं. शिंपी तेवढ्यात चहाला गेला होता. चहाने जीव वाचवला म्हणून तो ज्याला त्याला सांगत सुटलाय. बॉनेट चेपलं, एक दिवा फुटला, रेडिएटर गळतोय.

हँडब्रेक कधीचाच ढिला आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणून तर बाबा गाडी लावली की चाकाखाली तो लाकडी ठोकळा सारतात आणि आपण सगळे हसतो. त्या दिवशी चाकाखाली ठोकळा नव्हता. विसरले असतील, वयही झालं आता. तुमचे बंधुराज अख्ख्या गल्लीसमोर त्यांच्यावर ओरडले. मला ते आवडलं नाही, पण मी मध्ये पडले नाही.

बाकी विशेष काही नाही. नवीन कपाट आलं त्याच दिवशी. हमालांनी जिन्याची भिंत खरवडली, पण आरसा झकास आहे.

तुमची लाडकी भावजय


बुधवार, १९ मार्च

आदरणीय ताई,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. फोनवर बोलायचं तर बाबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून लिहितेय.

आधी गाडीचं सांगते. रेडिएटर बदलला, दिवा बसवला. बॉनेट मात्र नवीन मिळेना. मेकॅनिकने मोडीत निघालेल्या एका गाडीचं काढून आणलं, ते निघालं हिरवं. आपली गाडी पांढरी. दुसऱ्याची टोपी घातल्यासारखी दिसते. रंग देतो म्हणाला होता, पण त्याचा 'उद्या' म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे. आणि हँडब्रेकची केबल नवीन टाकली. ती आधीच टाकली असती तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं.

नाही, दोष केबलवर ढकलून चालणार नाही. हे पत्र लिहावं लागतंय ते मी वागले त्यामुळे.

तुम्ही लिहिलंत की बाबांना तुमच्याकडे न्यायचं, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं आणि गाडी दुरुस्त झाली की विकून टाकायची. तुमच्या जागी मीही हेच लिहिलं असतं. अपघातापासून बाबांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली ती परत मागितली नाही. गॅस पेटवत नाहीत, म्हणतात, बंद करायचा राहून गेला तर? गोळी घेतली की मला दाखवतात. एकदा दुपारी मला विचारलं, "मी जेवलो ना गं?" ताट अजून समोर होतं, ताई. त्यांना ठाऊक होतं, फक्त स्वतःवर भरवसा नव्हता.

मला वाटलं होतं, होईल हळूहळू ठीक. मग मागच्या आठवड्यात ते भाजी निवडता निवडता म्हणाले, "मला अगदी स्पष्ट आठवतं. वाकलो, ठोकळा सारला, वर पायाने ठोकला. न केलेलं इतकं स्पष्ट आठवायला लागलं म्हणजे माणूस संपलाच. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं." आणि पुन्हा भाजी निवडायला लागले.

ताई, त्यांना आठवतं ते सगळं खरं आहे. ठोकळा मी काढला.

कपाट आलं तेव्हा खालचं दार सारखं मिटत होतं. दोघे हमाल डोक्यावर ओझं घेऊन खोळंबलेले, एक तर शिव्याच द्यायला लागला. समोर गाडी, तिच्या चाकाखाली ठोकळा. मी तो ओढला आणि दाराला लावला. गाडी जागची हलली नाही, म्हटलं पाच मिनिटांचा तर प्रश्न. मग कपाट वर गेलं, मी मागोमाग गेले, आरशात स्वतःला बघत बसले. हो, बघतच बसले होते. तेवढ्यात खालून आवाज आला.

धावत खाली आले तर बाबा गर्दीत उभे राहून शिंप्याला सांगत होते, माझीच चूक, मीच विसरलो. मी तोंड उघडणार, तोवर यांचा आवाज चढला. मी तशीच मागे फिरले. ठोकळा दारातून काढला आणि कपाटामागे टाकला. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळचं उद्यावर गेलं, आणि मग तुम्हाला ते पत्र लिहिलं. 'विसरले असतील, वयही झालं.' ते मी एका दमात लिहिलं, एक शब्दही खोडला नाही, याची मला जास्त लाज वाटते.

तुमचं पत्र आलं आणि आता लपवून चालणार नाही हे कळलं. परवा सकाळी ठोकळा काढून बाबांपुढे ठेवला आणि सांगून टाकलं. वाटलं, आता ओरडतील, निदान उठून जातील. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे लावला होता मी?"

"हो, बाबा."

"नीट लावला होता?"

"घट्ट बसला होता. मला दोन्ही हातांनी ओढावा लागला."

ते ठोकळ्यावरून हात फिरवत राहिले. मग उठले, गॅस पेटवला आणि दोघांसाठी चहा केला. साखर भरमसाट घातली होती, मी सगळा प्यायले. शेवटी म्हणाले, "ताईला कळवू नकोस. तिचा राग वाईट. उगाच तुला बोलेल." मला तेव्हा रडू फुटलं.

यांना रात्री सांगितलं. हे माझ्याशी अजून बोलत नाहीत. ते बरोबरच आहे. पण काल सकाळी बाबांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चला, गाडी आणू." माफी मागायची यांची हीच पद्धत. येताना गाडी बाबांनी चालवली. हिरवं बॉनेट तसंच राहू दे म्हणाले, लांबून ओळखू येते.

मला वाटलं, मिटलं सगळं. नवीन केबल असूनही बाबांनी ठोकळा लावला, पायाने ठोकला. मी खिडकीतून पाहत होते. वर आले, चपला काढल्या आणि मला विचारलं, "लावला ना मी?" मी म्हटलं, लावलात. थोड्या वेळाने उठून खिडकीशी गेले. मग पुन्हा गेले. आज सकाळीही गेले. सव्वा महिना मी त्यांना स्वतःवर संशय घ्यायला शिकवलं, ते एका सकाळीत कसं जाईल?

म्हणून बाबांचं न ऐकता तुम्हाला लिहितेय. गाडी विकू नका. डॉक्टरांना दाखवायचं तर जरूर दाखवा, पण विसरतात म्हणून नको, ते विसरले नव्हते. माझ्यावर रागवा, हवं तेवढं. पण आधी त्यांना दोन ओळी लिहा, की बाबा, ठोकळा तुम्ही लावला होता. मी सांगते ते बाबा ऐकतात, पण माझ्या शब्दावर त्यांनी का विसंबावं? तुमचं त्यांना पटेल.

मागच्या पत्राखाली मी 'लाडकी' लिहिलं होतं. या वेळी नुसतीच,

तुमची भावजय