नव्वद अंशांच्या पुढे गेलेले दाजी

तीर्थस्वरूप दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही खुशाल. तुमची खुशाली विचारायची, तर आधी तुम्ही आहात कुठे हे कळायला हवं.

तुमच्या जहाजाचा ठावठिकाणा तुम्ही रोज ताईच्या फोनवर पाठवता आणि मी कारखान्यातून आणलेल्या पृथ्वीगोलावर तो तिला दाखवतो. (गोल नापास मालातला आहे; एक समुद्र जरा फुगलाय.) अक्षांश म्हणजे पृथ्वीला घातलेली आडवी कडी. विषुववृत्तावर शून्य, मग वर जाता जाता लहान होत ध्रुवावर नव्वदला नुसता ठिपका. तुम्ही अठ्ठ्याऐंशी कळवलंत तेव्हा मी म्हणालो, दाजींची प्रगती आहे. (तिथे जहाज जातं का, हे विचारायची अक्कल मला नंतर आली.) मग एक्क्याण्णव आलं. दाजी, एक्क्याण्णव नसतं. जन्मभर गोलांवर कागदी पट्ट्या चिकटवणाऱ्याला हे सांगू नका. (साऱ्या रेखांशांची टोकं ध्रुवावर एकत्र येतात, तिथेच आमच्या पट्ट्यांचा हमखास चिकटा होतो, वर गोल टिकली लावून आम्ही अब्रू झाकतो.) तुमच्या कंपनीत फोन केला. कारकून चाचरत म्हणाला, जहाजाशी संपर्क पासष्टवरच तुटला, शोध चालू आहे, म्हणून घरी कळवलं नाही. कारकून नवा असावा.

आणि रेखांश रोज एकच, आपल्या घराचा. ताई आपल्या घरावर बोट ठेवते, रेघेवरून सरळ वर नेते, टिकली ओलांडते आणि खाली उतरायच्या ऐवजी बोट तसंच हवेत वर नेत राहते. मी म्हटलं, ताई, तिथे काही नाही.

ती म्हणाली, "मग बोटाला गार का लागतंय?"

मीही तिथे बोट धरून पाहिलं. लागतं. तेव्हापासून मी कारखान्यात टिकली चिकटवायचं काम दुसऱ्याला दिलंय.

उत्तराचा आळस करू नये.

आपला,
मेहुणा

ता. क. पाकिटावर पत्ता म्हणून 'चौऱ्याण्णव अंश उत्तर' एवढंच लिहिलं. टपाल कचेरीतल्या बाईंनी निमूट वजन करून तिकीट लावलं. घाम मलाच फुटला.

पुन्हा ता. क. पत्राचं खरं कारण हे. काल तुम्ही ताईला 'निघ' असं कळवलंत. तिने बॅग भरलीय, वर दोन स्वेटर. दाजी, ध्रुवावरून कुठेही पाऊल टाकलं तरी दक्षिणच लागते, तेव्हा वाट चुकायची भीती नाही, तुम्हीच या. येणं जमण्यासारखं नसेल, तर तिला एवढंच सांगा की तिथे जागा नाही. माझं ती ऐकत नाही. मला एकच बहीण आहे.