खोकलासुद्धा ठेवा

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे घडलं ते क्रमाने.
१. वेळ साडेदहाची ठरली होती. नट अकराला आले.
२. खुर्ची बदलून मागितली. बदलली. मग म्हणाले, पहिलीच बरी होती.
३. पहिल्याच पानावर एका शब्दाला अडले. शब्द : पॉम्पस.
४. "मराठी पुस्तकात हा पाहुणा कशाला?" असं म्हणून वाचायचे थांबले.
५. भाषांतरकार बाईंना फोन करून बोलावून घेतलं.
६. बाई येईपर्यंत चहा. रेकॉर्डिंग : शून्य.

पुस्तक म्हणजे एक जुनी इंग्रजी कादंबरी. तिच्यात गावचा एक डॉक्टर आहे, स्वतःला फार मोठा समजणारा. लेखक दर वेळी त्याला हाच शब्द लावतो. बाईंनी तो मराठीतही तसाच ठेवलाय. आता त्याचं ऐकायचं पुस्तक करायचंय — नट वाचणार, मी काचेच्या अलीकडे बसून रेकॉर्ड करणार.

काचेपलीकडचं भांडण हेडफोनमध्ये फार स्वच्छ ऐकू येतं.
"मिजासखोर म्हणा की."
"मिजास पैशाची असते. ह्याच्याकडे पैसा कुठाय?"
"मग तोरा दाखवणारा."
"तोरा रूपाचा. डॉक्टर टकला आहे."
"आढ्यताखोर!"
"ते म्हणून होईपर्यंत डॉक्टर पुढच्या पेशंटकडे पोचलेला असेल."
नटांनी स्वतःच्या टकलावरून एकदा हात फिरवला. शब्द राहिला.

मी त्यांचं नाव ठेवलंय — सरकार. फक्त इथे.

४ फेब्रुवारी

सरकार आज वेळेआधी हजर! पण दोन वाक्यांच्या मध्ये बोलतात. फार बोलतात.
"काय इंजिनिअरबाई, खोकला कसा आला?"
"स्पष्ट."
"येणारच. आमचा खोकला शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. नाटकं पडली, खोकला नाही पडला कधी."

निघताना दारातून वळले. "काही पुसू नका हं. चुका, शिव्या, सगळं असू दे. खोकलासुद्धा ठेवा."

हो म्हटलं. संध्याकाळी पुसलं. स्टुडिओची पद्धतच आहे — चांगला टेक ठेवायचा, बाकीचं त्याच दिवशी काढून टाकायचं. डिस्क रिकामी लागते. हो म्हणणं हा शिष्टाचार, जागा ही वस्तुस्थिती. आणि स्वतःचा खोकला जपून ठेवायला सांगणारा माणूस! बाईंचा डॉक्टर पुस्तकातून उठून थेट माझ्या माईकसमोर येऊन बसलाय.

६ फेब्रुवारी

बाईंना विचारलं, त्या जुन्या कादंबऱ्यांमध्ये हा शब्द एवढा का येतो?
"अगं, सोयीचा आहे. एकदा माणसाला लावला की वाचक त्याचं ऐकायचं सोडून देतो. नुसता हसायला टपलेला असतो. मग लेखक त्याच्या तोंडी काहीही घालू शकतो — अगदी खरंसुद्धा."
"आणि शेवटी?"
"शेवटच्या प्रकरणात तो शब्द एकदाही नाही. मी मुद्दाम शोधला."

तांत्रिक : सरकारांचा आवाज दुपारनंतर खरखरतो. परवाच्या फाइलशी ताडून पाहिला. फरक आहे. म्हटलं, सर, घसा जपा. तर म्हणाले, "घसा आता जपायचा नाही, वापरायचा!" काय हा रुबाब! खरखर थोडी काढली. आता कुणाला कळणार नाही. काम छान झालंय.

८ फेब्रुवारी, रविवार

आई : "जेवताना सारखं त्या म्हाताऱ्याचंच चाललंय. आवडलाय वाटतं." नमुना म्हणून, मी म्हटलं. "हं. बापावर गेलीस. आवडलेलं कबूल करायचं नाही."

१० फेब्रुवारी

एक अख्खं पान वाया. मध्येच त्यांच्या मुलीचा फोन आला. फोन ठेवला तो माईकमध्ये गर्जनाच — "इंजिनिअरबाई, आम्ही आजोबा होतोय! एप्रिलची तारीख पक्की झाली! रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू आहे ना? असू दे, असू दे!" मग त्या न जन्मलेल्या बाळाला उपदेश सुरू. पाठीत वाकून बसायचं नाही. आईचं ऐकायचं. बापाचं ऐकल्यासारखं करायचं. आजोबा खोकला की टाळ्या वाजवायच्या.

मला हसू आलं. काचेतून त्यांना दिसलं.
"हसली! बाई हसली! हेसुद्धा ठेवा!"

पुसलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पुस्तक संपलं. शेवटचं प्रकरण पहिल्याच टेकमध्ये, मध्ये एक अक्षर न बोलता. सरकार उठले, खुर्ची नीट आत सारली, गेले.

बाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "मधलं बोलणं त्यांना वेगळं काढून दिलंस ना?"
"कुठलं मधलं?"

बाईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग सांगितलं. सोमवारी त्यांचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार. त्यानंतर हा आवाज नाही.
"तुला सांगू देत नव्हते. म्हणाले, पोरगी दया करायला लागेल, मग थट्टेची मजा जाईल. पुस्तकातलं बोलणं दुसऱ्याचं, नातवंडाला माझं पाहिजे."

मी लगेच रिकव्हरी लावली. पण पुसलेल्या जागेवर रोज नवं रेकॉर्डिंग बसत गेलंय. एवढंच निघालं : अर्धा खोकला, आणि "असू दे, असू".

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सकाळी त्यांना पाठवलेला निरोप, जसाच्या तसा —

सर, मधलं बोलणं मी रोज पुसलं. तुम्ही ठेवायला सांगितलं होतं, मी हो म्हटलं होतं. ते परत मिळत नाही. रविवारी स्टुडिओ बंद असतो, पण किल्ली माझ्याकडे आहे. पहिलीच खुर्ची ठेवते. लाल दिवा दिवसभर चालू राहील. पुस्तक आणू नका. येणार का, ते उद्या शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.